बीसीजीची वाट पाहणारा डोस

शनिवारी रात्री दहाला जन्मलेल्या बाळाला हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजारावरच्या लसीचा पहिला डोस नेमका कधी मिळाला, हे प्रसूतिगृहाच्या रजिस्टरमध्ये एकदा बघावे. लस फ्रीजमध्ये असते, सिरिंज असते, टोचणारी परिचारिकाही ड्यूटीवर असते. तरी डोसापुढची तारीख मंगळवारची. कारण मंगळवार हा तिथला बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगावरच्या लसीचा वार. बीसीजीची कुपी एकदा विरघळवली की सहा तासांत वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते. एका कुपीत दहा किंवा वीस डोस. म्हणून पाच-सात बाळे जमेपर्यंत थांबायचे, असा अनेक ठिकाणचा शिरस्ता. हिपॅटायटिस बीच्या कुपीला यातली एकही अडचण नाही. पण ‘जन्माच्या लसी सगळ्या एकदमच उरकू’ या सवयीपायी तीही बीसीजीबरोबर ताटकळत बसते. शनिवारी रात्री दहा ते मंगळवारी सकाळी दहा म्हणजे ६० तास. हा डोस द्यायचा असतो २४ तासांच्या आत.

हिपॅटायटिस बीची लस इतर नेहमीच्या लसींसोबत द्यावी की नाही, हा वाद शास्त्रापुरता केव्हाच मिटला आहे. द्यावी. मला जे म्हणायचे आहे ते त्यापुढचे आहे. सहाव्या आठवड्यापासून पुढे इतर लसींची सोबत हीच या लसीची मोठी ताकद असते, आणि पहिल्या दिवशी तीच सोबत तिच्या मुळावर येते. पहिला डोस बाळंतपणाला बांधायला हवा, लसीकरणाच्या वाराला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या आकड्यांत हा फरक उघड दिसतो. जगभरात तिसरा डोस मिळालेली बाळे ८४ टक्के आणि जन्मानंतर वेळेत डोस मिळालेली ४५ टक्के. आफ्रिका विभागात जन्माचा डोस मिळणारी बाळे तर फक्त १८ टक्के. जो डोस इतर लसींच्या गाडीत बसला तो पोचला. ज्याला एकट्याने जायचे होते तो निम्म्याहून जास्त बाळांपर्यंत गेलाच नाही.

चोवीस तासांचाच एवढा आग्रह का, याचे उत्तर विषाणूच्या चालीत आहे. आईच्या रक्तात विषाणू असेल तर बाळाला तो बहुतेक वेळा प्रसूतीच्या वेळी लागतो, रक्ताच्या आणि स्रावांच्या संपर्कातून. मोठ्या माणसाला हा संसर्ग झाला तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जण काही महिन्यांत विषाणू स्वतःच काढून टाकतात. जन्मतः लागण झालेल्या बाळांत हे प्रमाण नेमके उलटे होते. त्यांतल्या ९० टक्क्यांच्या आसपास बाळांत संसर्ग जन्मभर मुक्काम करतो. एक ते पाच वर्षांच्या मुलांत तो टिकण्याचे प्रमाण साधारण एकतृतीयांश ते निम्मे. म्हणजे विषाणू तोच, आजार तोच, फक्त तो कोणत्या वयात गाठतो यावर पुढची चाळीस वर्षे ठरतात. ज्यांना तो लहानपणी चिकटून राहिला त्यांतल्या १५ ते २५ टक्के लोकांना पुढे यकृताचा सिऱ्होसिस (यकृत कडक होऊन निकामी होणे) किंवा कर्करोग होऊन मृत्यू येतो. तोवर बाळ गुटगुटीत असते, शाळेत जाते, कावीळही झालेली नसते. जन्माच्या डोसाकडे दुर्लक्ष होण्याचे हे एक मोठे कारण आहे. चूक कोणाच्या ड्यूटीत झाली ते तीस वर्षांनी कोणीच विचारायला येत नाही.

पण याच विषाणूची एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते. तो संथ आहे. शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण ६० ते १५० दिवस जातात. म्हणून संपर्क होऊन गेल्यावर टोचलेली लसही त्याला गाठू शकते. गोवर किंवा डांग्या खोकल्याच्या बाबतीत असा अवकाश फारच कमी मिळतो. जन्माचा डोस हा खरे तर प्रतिबंधक लस कमी आणि संपर्कानंतरचा उपचार जास्त, असे समजून दिला तर त्यातली घाई आपोआप समजते. कुत्रा चावलेल्या माणसाला आपण ‘पुढच्या मंगळवारी या’ म्हणत नाही.

ज्या आईच्या रक्तात पृष्ठभाग-अँटिजेनबरोबर (संसर्गाची खूण) ई-अँटिजेनही (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) पॉझिटिव्ह असतो तिच्याकडून, काहीच केले नाही तर, बाळाला लागण होण्याची शक्यता ७० ते ९० टक्के. वेळेत सुरू केलेली नुसती लस यातला बराच मोठा भाग टाळते. त्याच वेळी हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन ०.५ मिली दुसऱ्या मांडीत दिले तर दोन्ही मिळून संरक्षण ९० टक्क्यांपलीकडे जाते. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार अँटीबॉडी. लसीमुळे बाळाच्या स्वतःच्या अँटीबॉडी तयार होईपर्यंत ती पहारा देते. दोन्ही पहिल्या १२ तासांत देणे उत्तम. आईच्या रक्तात विषाणूचे प्रमाण फार असेल, मिलीलिटरमागे दोन लाख आंतरराष्ट्रीय एककांहून जास्त, तर गरोदरपणाच्या २८व्या आठवड्यापासून टेनोफोविर हे विषाणूरोधक औषध द्यावे असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे. हे सगळे लसीच्या जोडीला. लसीऐवजी यातले काहीही नाही. अशा आईने बाळाला अंगावर पाजायलाही हरकत नाही. ही भीती अजून बऱ्याच घरांत घातली जाते, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता सहाव्या आठवड्याकडे येऊ. इथे ‘सोबत’ या शब्दाने खरोखर चमत्कार केला आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत परवाना मिळालेली पहिली लस संसर्ग झालेल्या लोकांच्या रक्तद्रवातून काढलेली होती, महाग होती आणि लोक तिला बिचकत होते. १९८६ मध्ये यीस्टमध्ये बनवलेली लस आली आणि रक्ताचा संबंध संपला. तैवानने तोवर थांबायचे टाळले होते. तिथे जुलै १९८४ मध्ये संसर्ग असलेल्या मातांच्या बाळांपासून सुरुवात झाली आणि १९८६ पासून सगळ्याच बाळांना लस मिळू लागली. तिथल्या ६ ते १४ वर्षांच्या मुलांत यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण १९८१ ते १९८६ या काळात लाखामागे ०.७० होते. १९९० ते १९९४ मध्ये ते ०.३६ झाले. लसीने माणसातला कर्करोग कमी होतो याचा हा पहिला धडधडीत पुरावा. १९९२ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सगळ्या देशांना ही लस नियमित कार्यक्रमात घ्यायला सांगितले.

तरीही गरीब देशांत गाडी खरी हलली ती पाच आजारांच्या एकत्र लसीमुळे. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब (लहान मुलांत मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) या पाचांची मिळून एक कुपी, ०.५ मिलीचा एक डोस, एक टोचणी. वेगळी फेरी नाही, वेगळा रकाना नाही, आईला वेगळे बोलावणे नाही. डांग्या खोकल्याच्या लसीसाठी जी यंत्रणा आधीच उभी होती तिच्याच खांद्यावर बसून हिपॅटायटिस बी गावोगाव पोचली. पाच वर्षांखालच्या मुलांत या संसर्गाचे प्रमाण लसीआधी जगभरात ५ टक्क्यांच्या आसपास होते. २०१९ पर्यंत ते १ टक्क्याच्या किंचित खाली आले. एकत्र देण्याला विरोध करणाऱ्याने आधी हा आकडा खोडून दाखवावा.

विरोधाचा नेहमीचा सूर असा असतो की इवल्याशा जिवावर एकदम इतक्या लसींचा भार कशाला. ही भीती बालिश म्हणून उडवून लावणे मला बरे वाटत नाही. दोन मांड्यांवर दोन टोचण्या आणि रात्री ताप, हे पाहणाऱ्या आईला ती वाटणारच. पण भार कशाचा, हे मोजून बघावे. हिपॅटायटिस बीच्या लसीत एकच प्रथिन असते, विषाणूच्या बाहेरच्या कवचातले. जुन्या देवीच्या लसीत सुमारे २०० प्रथिने होती. डांग्या खोकल्याच्या पूर्ण पेशींच्या लसीत सुमारे ३०००. म्हणजे पाच-एक लसीच्या गर्दीत हिपॅटायटिस बीचा वाटा गर्दीतल्या एका माणसाएवढा. अर्थात, नुसती प्रथिनांची मोजदाद हा काही पुरावा नव्हे. पुरावा हा की लसी वेगवेगळ्या दिलेल्या आणि एकत्र दिलेल्या बाळांचे रक्त तपासले गेले आणि तिन्ही डोस पूर्ण झाल्यावर दोन्हींत ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त बाळांत अँटीबॉडीची संरक्षक पातळी, म्हणजे मिलीलिटरमागे १० मिलि-एकके, गाठलेली आढळली. रात्रीच्या तापाचा दोषही बहुधा डांग्या खोकल्याच्या भागाचा असतो. एकटी दिलेली हिपॅटायटिस बी लसींमधली फार शांत लस आहे. टोचलेल्या जागी दुखणे, कधी हलका ताप. अॅनाफिलॅक्सिससारखी गंभीर अॅलर्जी दहा लाख डोसांमागे साधारण एक. आधीच्या डोसाला अशी अॅलर्जी आली असेल किंवा यीस्टची गंभीर अॅलर्जी माहीत असेल तरच ही लस टाळायची. सर्दी, किरकोळ जुलाब, कमी वजन ही टाळण्याची कारणे नाहीत.

सोबत देण्याची रीत मात्र नीट पाळावी लागते. जागा मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, मधल्या तिसऱ्या भागात, स्नायूत. कुल्ल्यावर कधीही नाही. तिथे चरबीचा थर जाड असतो, लस स्नायूपर्यंत जात नाही, प्रतिसाद कमी येतो आणि सायटिक नसेला धोका राहतो तो वेगळाच. दोन लसी शक्यतो दोन मांड्यांत. एकाच मांडीत द्यायची वेळ आली तर दोन जागांत किमान अडीच सेंटीमीटर अंतर. कोणती लस कोणत्या मांडीत, हे कार्डावर लिहावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी सूज दाखवायला आलेल्या आईला काय सांगणार? आणि कारखान्यातून एकत्र आलेली लस वेगळी, आपण दोन कुप्यांतून एका सिरिंजमध्ये ओढलेले मिश्रण वेगळे. दुसरे कदापि करू नये. एकीतला घटक दुसरीला निकामी करू शकतो. दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. एखादा डोस चुकला तर जिथे थांबले तिथून पुढे जायचे, पहिल्यापासून मोजणी सुरू करायची नाही. ‘कोर्स तुटला, पुन्हा सुरू करा’ हे वाक्य अजून ऐकू येते आणि त्याला आधार नाही.

इथेच एक गफलत होते, आणि ती शिकल्यासवरल्या लोकांकडून होते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पाच-एक लसीत हिपॅटायटिस बी आहेच, तीन डोस पुरतात, मग जन्माचा वेगळा डोस कशाला, असा हिशेब मांडला जातो. संख्येचा हिशेब बरोबर आहे. पण सहाव्या आठवड्याचा डोस प्रसूतीत झालेल्या संसर्गाला गाठायला फार उशिराचा असतो. मग पाच-एक लसच जन्मतः द्यावी का? तेही चालत नाही. तिच्यातले डांग्या खोकल्याचे आणि इतर भाग सहा आठवड्यांच्या आत द्यायचे नसतात, इतक्या लहान बाळात त्यांना प्रतिसाद नीट येत नाही. म्हणून जन्माचा डोस हिपॅटायटिस बीचा एकटाच द्यावा लागतो. एकूण चार डोस झाले तर बिघडत काहीच नाही. जन्मवजन दोन किलोपेक्षा कमी असलेल्या बाळांत तर जन्माचा डोस मोजणीत धरायचाच नसतो, कारण त्यांचा प्रतिसाद कमी येऊ शकतो. पुढच्या तीन डोसांनी त्यांची भरपाई आपोआप होते. पण म्हणून त्यांचा जन्माचा डोस टाळायचा नाही, ही गोष्ट नवजात अतिदक्षता कक्षात हमखास विसरली जाते.

तर या एकट्या डोसाला कोण अडवते? एक, कुपी वाया जाण्याची भीती. दहा डोसांची कुपी एका बाळासाठी फोडली की नऊ डोस जातील, असे धरून कुपी फोडलीच जात नाही. बीसीजी आणि गोवर यांच्याबाबत ही भीती खरी आहे, त्या कोरड्या भुकटीच्या लसी आहेत आणि विरघळवल्यावर त्यांत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेले काही नसते. हिपॅटायटिस बी मुळातच द्रव लस आहे आणि अनेक डोसांच्या कुपीत जंतुरोधक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या उघड्या कुपीच्या नियमानुसार अशी कुपी २८ दिवस वापरता येते. अटी साध्या आहेत. मुदत संपलेली नको, तापमान २ ते ८ अंशांत राहिलेले हवे, बूच निर्जंतुक पद्धतीने टोचलेले हवे, पाण्यात बुडालेले नको, आणि कुपीवरच्या उष्णतादर्शक चिन्हातला आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकाच असायला हवा. कुपीवर फोडल्याची तारीख आणि वेळ लिहायची. बस्स. आठवड्याला दोनच प्रसूती होणाऱ्या केंद्रातही २८ दिवसांत दहातले बरेचसे डोस वापरले जातात, आणि चार-दोन गेलेच तरी ते जाऊ द्यावेत. वाया गेलेल्या लसीचा हिशेब साठ्याच्या वहीत लगेच दिसतो. न दिलेल्या डोसाचा हिशेब कुठल्याच वहीत दिसत नाही, म्हणून कर्मचारी पहिल्याला घाबरतात. ही चूक त्यांची नाही, वही तशी आखणाऱ्यांची आहे.

दुसरी अडचण थंडीची. उन्हाची भीती सगळ्यांना असते. पण हिपॅटायटिस बी ही उष्णतेला सगळ्यांत चिवट असणाऱ्या लसींपैकी एक आहे, ३७ अंशांवरही ती काही आठवडे टिकते. तिचा शत्रू बर्फ. ती साधारण उणे ०.५ अंशाला गोठते. लसीतले प्रथिन अॅल्युमिनियमच्या क्षाराच्या सूक्ष्म कणांवर बसवलेले असते. गोठताना ते कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, वितळल्यावर पुन्हा सुटे होत नाहीत, आणि लस बरीचशी निकामी होते. गंमत अशी की कुपीवरचे चिन्ह फक्त उष्णता दाखवते. गोठून वितळलेल्या लसीचा चौकोन अगदी फिका, निर्मळ दिसतो.

म्हणून हलवून पाहण्याची चाचणी प्रत्येक लस हाताळणाऱ्याला यायला हवी. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम रात्रभर गोठवून वितळवायची आणि तिच्यावर ‘गोठवलेली, वापरू नये’ असे लिहायचे. ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवायच्या, मग टेबलावर शेजारी ठेवून अर्धा तास निरखायच्या. चांगली लस दुधट, एकसारखी राहते आणि सावकाश बसते. गोठलेल्या लसीत तुकडे-तुकडे दिसतात, साका भरभर तळाशी जातो आणि वर निवळ पाणी उरते. संशयित कुपी गोठवलेल्या कुपीइतक्याच वेगाने बसली तर तिला बाजूला काढायचे. घरगुती फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटवलेल्या कुप्या आणि कडक गोठलेल्या बर्फाच्या पॅकांवर थेट ठेवलेल्या कुप्या, या दोन जागी हे हमखास घडते. पॅक बाहेर काढून, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबावे आणि मगच डब्यात भरावेत. एवढ्या थोड्या वेळाच्या आळसापायी डबाभर लस निकामी होते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. ‘लस घेऊनही कावीळ झाली’ अशा तक्रारींचा शोध घ्यायचा तर फ्रीजपासून सुरुवात करावी.

फ्रीजवरूनच आणखी एक. २०१३च्या जुलैमध्ये व्हिएतनाममधल्या क्वांग त्री प्रांतात हिपॅटायटिस बीची लस दिली म्हणून नोंद झालेली तीन नवजात बाळे काही वेळातच दगावली. देश हादरला, लसीवर संशय आला. तपासात निघाले ते असे की परिचारिकेने लसीऐवजी भूल देताना वापरायचे, स्नायू शिथिल करणारे औषध टोचले होते. ते लसीच्याच फ्रीजमध्ये ठेवलेले होते. लस निर्दोष होती, पण त्या वर्षी तिथले जन्माच्या डोसाचे प्रमाण धाडकन खाली आले. त्याच वर्षअखेरीस चीनमध्येही लसीनंतर झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही, पण तोवर पालक मागे सरले होते. जन्माच्या पहिल्या दिवशी दिलेल्या कुठल्याही गोष्टीवर असा आळ येण्याची शक्यता जास्त असते, कारण बाळांचे मृत्यू त्याच दिवसांत सर्वाधिक होतात. यावर उपाय लस पुढे ढकलणे हा नाही. लसीच्या फ्रीजमध्ये लसीखेरीज काहीही नको, आणि लस ओढताना, टोचताना आणि कुपी परत ठेवताना असे तीनदा लेबल वाचायचे.

तिसरा अडथळा युक्तिवादाचा, आणि सध्या तोच जोरात आहे. आईची चाचणी निगेटिव्ह असेल तर बाळाला पहिल्याच दिवशी का टोचायचे? अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने डिसेंबर २०२५ मध्ये बहुमताने हाच सूर लावला. अशा बाळांना जन्माचा डोस द्यायचा की नाही हे पालकांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे, आणि द्यायचा नसेल तर पहिला डोस दोन महिन्यांच्या आत देऊ नये, असे तिने म्हटले. बाजू अगदीच पोकळ नाही. डेन्मार्क, ब्रिटन यांसारखे देश सगळ्या बाळांना जन्मतः ही लस देत नाहीत. ब्रिटनमध्ये २०१७ पासून सहा-एक लसीतून ती आठव्या आठवड्यापासून मिळते आणि जन्माचा डोस संसर्ग असलेल्या मातांच्या बाळांपुरता आहे. पण हे असे देश आहेत जिथे जवळपास प्रत्येक गरोदर बाईची तपासणी होते, अहवाल प्रसूतीच्या खोलीपर्यंत पोचतो, आणि पॉझिटिव्ह निघालेल्या आईच्या बाळाचा पाठपुरावा ठरलेल्या माणसाकडे असतो. या साखळीतली एक कडी निखळली की सगळे कोसळते.

ती कशी निखळते हे अमेरिकेनेच पाहिलेले आहे. जुलै १९९९ मध्ये लसीतल्या पाऱ्याच्या संयुगाबद्दल खबरदारी म्हणून, निगेटिव्ह मातांच्या बाळांचा जन्माचा डोस पुढे ढकलण्याची सूचना तिथे निघाली. काही रुग्णालयांनी सरसकट सगळ्यांचाच डोस बंद केला. मिशिगनमध्ये एका आईची चाचणी पॉझिटिव्ह होती, पण रुग्णालयाला ती निगेटिव्ह असल्याचे कळवले गेले. डोस मिळाला नाही आणि ते बाळ तीन महिन्यांचे असताना हिपॅटायटिस बीने गेले. एक चुकीची नोंद, एक बंद केलेला डोस. त्याआधी १९८४ मध्ये तिथे फक्त ‘धोक्याच्या गटातल्या’ गरोदर बायकांची तपासणी करण्याचे ठरले होते. त्यातून बाधित मातांचा मोठा वाटा सुटतो हे दिसल्यावर १९८८ मध्ये सगळ्यांची तपासणी आली आणि १९९१ मध्ये सगळ्या बाळांना लस.

शिवाय आईच हा एकमेव स्रोत नाही. चाचणी तिसऱ्या महिन्यात झाली आणि संसर्ग सातव्या महिन्यात झाला, असे होते. घरात आजोबा, काका, मोठे भावंड असते. हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहतो. सामायिक ब्लेड, टूथब्रश, उघडी जखम यांतून तो लहान मुलाला लागतो आणि वय लहान म्हणून टिकून बसतो. जन्माचा डोस आईच्या अहवालावर अवलंबून न ठेवणे ही अहवालात होणाऱ्या चुकांसाठी ठेवलेली जागा आहे. ज्या देशांत प्रत्येक गरोदर बाईची चाचणीच होत नाही तिथे हा वाद घालण्यात काही अर्थच नाही.

‘संरक्षण किशोरवयापर्यंत ओसरेल, मग तेव्हाच द्या’ हे म्हणणेही अधूनमधून येते. रक्तातली अँटीबॉडीची पातळी उतरते हे खरे. पण स्मृतिपेशी राहतात, आणि विषाणूचा तोच संथपणा इथेही उपयोगी पडतो. तो आजार करण्याआधी त्या पेशींना पुन्हा अँटीबॉडी बनवायला वेळ मिळतो. म्हणूनच निरोगी मुलांना बूस्टर सांगितलेला नाही. अपवाद पॉझिटिव्ह मातांच्या बाळांचा. त्यांचे रक्त ९ ते १२ महिन्यांच्या वयात तपासून पाहावे, संसर्ग झाला का आणि संरक्षण आले का, दोन्ही.

मग करायचे काय? जन्माचा डोस बीसीजीपासून सोडवून व्हिटॅमिन केच्या इंजेक्शनला बांधावा. व्हिटॅमिन के रक्तस्राव टाळण्यासाठी बाळाला जन्मानंतर काही तासांतच मांडीत दिले जाते, त्यासाठी बालरोगतज्ज्ञाची वाट पाहिली जात नाही, दहा बाळे जमवली जात नाहीत, रविवार आडवा येत नाही. एका मांडीत ते, दुसऱ्या मांडीत ०.५ मिली हिपॅटायटिस बी. बीसीजी आणि पोलिओचे थेंब आपापल्या वेळी येऊ देत. यासाठी लस प्रसूतिकक्षाच्या जवळच्या फ्रीजमध्ये हवी, लसीकरण विभागाच्या कुलपात नाही. किल्ली दिवसपाळीच्या बाईंकडे आणि बाळंतपण रात्री तीनला, ही जोडी कितीतरी डोस खाते. दुसरे, कायमस्वरूपी लेखी आदेश हवा, म्हणजे परिचारिकेला प्रत्येक बाळासाठी वेगळी सही लागणार नाही. सिझेरियनमध्ये आई एका मजल्यावर आणि बाळ दुसऱ्या मजल्यावर जाते आणि प्रत्येक जण समजतो की दुसऱ्याने दिला. म्हणून डोस बाळ जिथे असेल तिथल्या माणसाच्या नावावर टाकावा.

घरी होणाऱ्या प्रसूतींना तर उत्तर आधीच सापडलेले आहे. इंडोनेशियात लोम्बोकसारख्या बेटांवर गावच्या सुईणींनी एका डोसाचे, आधीच भरलेले, पुन्हा वापरता न येणारे इंजेक्शन जवळ बाळगले आणि बाळाला बघायला जातानाच टोचले. लस उष्णता सोसते म्हणूनच हे जमले.

राहिली नोंद. बहुतेक रजिस्टरांत ‘जन्माचा डोस: दिला’ एवढाच रकाना असतो. तिथे पहिल्या तासाचा डोस आणि चौथ्या दिवसाचा डोस सारखेच दिसतात. जन्माची वेळ आणि टोचल्याची वेळ असे दोन रकाने केले की उशीर कुठे होतो ते महिन्याभरात उघडे पडते, बहुधा शनिवार-रविवारी आणि सिझेरियनला. २४ तास उलटून गेले असतील तरी डोस द्यायचाच. पहिल्या काही दिवसांत त्याचा उपयोग दिवसागणिक घटत जातो पण शून्य होत नाही, आणि घरातल्या इतरांकडून होणाऱ्या संसर्गाविरुद्ध तो कामी येतोच. फक्त तो उशिराचा म्हणूनच लिहावा. टक्केवारी राखण्यासाठी घड्याळ मागे सरकवून लिहिलेल्या वेळेने रकाना भरतो, शनिवारी जन्मलेले पुढचे बाळही मंगळवारपर्यंत थांबते.